हवेवर तरंगणारा झगा

'टुटू' हा शब्द कानावर पडला म्हणजे एखाद्या लहान मुलाच्या खेळण्याचे ते नाव असावे असे वाटते. आणि तसे वाटले तर ते अगदीच चूक नाही. हा शब्द फ्रेंच. फ्रान्समधल्या आया बाळाच्या बसायच्या जागेला लाडाने जे म्हणतात, त्यावरून तो निघाला असे सांगतात. आज मात्र जगभर त्याचा अर्थ एकच आहे. बॅले नावाचे जे युरोपीय नृत्य आहे, त्यात नर्तकी कमरेभोवती जाळीच्या कापडाचा फुललेला झगा घालते, तो टुटू. आपण चित्रात तो पाहिला असेल. शाळेत गुरुजींच्या टेबलावरच्या एखाद्या कॅलेंडरावर, नाहीतर बिस्किटांच्या डब्यावरसुद्धा! एका पायाच्या टोकावर उभी असलेली बाई आणि तिच्या कमरेभोवती पांढऱ्या फुलासारखा घेर. आज मी आपणांस या घेराची हकीकत सांगणार आहे. दिसायला ती फार सुंदर आहे, पण सगळीच सुंदर नाही.

बॅलेचा जन्म राजवाड्यातला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः नाचत असे आणि १६६१ साली त्याने नृत्याची अकादमी काढली. त्या काळी पॅरिसच्या सार्वजनिक रंगभूमीवर बायकांची कामे पुरुषच करीत. आपल्याकडे बालगंधर्वांनी केली, तशीच. १६८१ साली पहिल्यांदा स्त्रिया तिथे नर्तकी म्हणून उभ्या राहिल्या, पण अंगावर दरबारी पोशाख! जड रेशीम, कमरेला दोन्ही बाजूंनी सांगाडे, पायघोळ घागरा. अशा पोशाखात मनुष्य मिरवेल, उडी कशी मारील? पुढे १७३०च्या सुमाराला मारी कामार्गो या नर्तकीने आपला घागरा घोट्याच्या थोडा वर घेतला. कारण साधे होते. तिच्या पावलांचे काम फार चपळ होते आणि ते लोकांना दिसावे अशी तिची इच्छा होती. चार बोटे कापड कमी झाले एवढेच, पण त्यावर गावभर चर्चा झाली.

खरा टुटू मात्र यानंतर शंभर वर्षांनी आला, आणि त्याला दोन गोष्टी कारण झाल्या. दोन्ही गोष्टी कारखान्यातल्या.

पहिली गोष्ट जाळीची. नाजूक जाळी पूर्वी हाताने विणीत. फ्रान्समध्ये त्यूल नावाचे गाव आहे, त्याच्या नावावरून या जाळीलाही त्यूल म्हणतात. एक हात जाळी विणायला कारागिराचे किती दिवस जात, हे आपल्याकडच्या विणकरांना सांगायला नको. इंग्लंडात जॉन हीथकोट या गृहस्थाने १८०९ साली ही जाळी विणणारे यंत्र सिद्ध केले. त्याचा कारखाना १८१६ साली पोट गेलेल्या कारागिरांनी फोडला, मग त्याने दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवून नवा कारखाना घातला. अशा तऱ्हेने जी जाळी सरदारांच्या बायकांना वितीवितीने मिळे, ती आता वारावर मिळू लागली.

दुसरी गोष्ट दिव्याची. १८२२ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात गॅसचे दिवे लागले. मेणबत्त्यांचा उजेड पिवळट आणि कमीजास्त करता न येणारा. गॅसची कळ फिरवली की उजेड मंद होई, निळसर होई, रंगमंचावर चांदणे पडल्यासारखे वाटे. आणि चांदण्यात पांढरे तलम कापड कसे दिसते, हे ज्याने शेतावर रात्र काढली आहे त्याला ठाऊक आहे. कापड दिसतच नाही, धुके दिसते.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसला 'ला सिल्फीद' नावाचा बॅले झाला. कथा स्कॉटलंडातली. एका तरुणाचे लग्न ठरलेले असते. त्याला एक वायुकन्या दिसते. हाताला न लागणारी, खिडकीतून येणारी, धुराड्यातून जाणारी. लग्नाच्या दिवशीच तो तिच्यामागे रानात पळतो. तिला धरून ठेवावे म्हणून एका चेटकिणीकडून मंतरलेली ओढणी आणतो आणि ती तिच्या खांद्यावर टाकतो. त्याबरोबर तिचे पंख गळून पडतात आणि ती मरते. धरायला गेला आणि घालवून बसला.

ही वायुकन्या झाली होती मारी तालिओनी. तिच्या बापानेच हा बॅले बसवला होता. मुलीला तो रोज सहा सहा तास तालीम देई. रूपाने ती काही सुंदर नव्हती, हात लांब, अंग बारीक. पण पायाच्या अंगठ्याच्या टोकावर उभी राहून ती अशी सरके की तिला वजनच नाही असे वाटे. तिच्या अंगात घट्ट चोळी आणि खाली मलमलीसारख्या विरळ कापडाचा, घंटेच्या आकाराचा, पोटरीपर्यंतचा पांढरा झगा होता. त्याचे रेखाटन युजेन लामी या चित्रकाराचे, असे मानतात. लोक वेडे झाले. पुढे ती रशियात गेली तेव्हा तिचे नाचाचे जुने बूट तिथल्या रसिकांनी विकत घेऊन, शिजवून, मसाला लावून खाल्ले अशी गोष्ट सांगतात. खरी असो की खोटी, शिजवलेल्या बुटापेक्षा आपली बाजरीची भाकर बरी! पण त्या झग्याने काय जादू केली होती, त्याची कल्पना या गोष्टीवरून यावी.

आता या जादूची दुसरी बाजू ऐका.

आपण कापसाची घट्ट वात वळतो, ती रात्रभर मंद जळते. तोच कापूस पिंजून ठिणगी लावली तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भडकतो. तंतूंमध्ये हवा खेळती असली की असेच होते. बॅलेचा झगा म्हणजे पिंजलेला कापूसच. विरळ कापडाचे थरावर थर, मध्ये हवा, वर खळ. आणि रंगमंचावर पुढे, बाजूला, मागे, सगळीकडे उघड्या ज्योती. ज्या दिव्याने झग्याला चांदणे दिले, त्याच दिव्याने तो पेटू लागला. गॅसच्याच दिव्याने असे नव्हे, तेलाच्या दिव्यानेही. १८४४च्या डिसेंबरात लंडनला क्लारा वेब्स्टर या नर्तकीचा झगा भर प्रयोगात पेटला आणि तीन दिवसांनी ती गेली. १८६१ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एका नाट्यगृहात एकीचा पोशाख पेटला, तिला वाचवायला धावलेल्या मुलीही पेटल्या, आणि त्यांतल्या अनेक जणी मेल्या.

उपाय नव्हता असे नाही. कार्तेरोन नावाच्या फ्रेंच गृहस्थाने कापड रसायनात बुडवून ते भडकू नये अशी युक्ती काढली होती. १८५९ साली सरकारने फर्मानही काढले की पोशाख असे बुडवूनच वापरावेत. पण बुडवलेले कापड कडक होई, कळकट दिसे, तरंगायचे थांबे. नर्तकींना ते नको असे.

एमा लिव्री ही तालिओनीची लाडकी शिष्या. वय अवघे वीस. तालिओनीने तिच्यासाठी १८६० साली 'पापियाँ', म्हणजे फुलपाखरू, नावाचा बॅले बसवला. त्यात ते फुलपाखरू मशालीवर झेपावते आणि त्याचे पंख होरपळतात, असा प्रसंग होता. लिव्रीने आपल्या मालकांना लेखी कळवले होते की मी नेहमीच्या साध्या झग्यातच नाचणार, जे होईल त्याची जबाबदारी माझी. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका ऑपेराची तालीम चालली होती. लिव्रीचे काम मुक्या मुलीचे. आपली पाळी येण्याची वाट पाहत ती मागे बसली होती. झगा चुरगळू नये म्हणून तिने तो हातांनी फुलवला. त्या वाऱ्याने गॅसची ज्योत हलली आणि घेराला लागली. ती पळत सुटली. पळाल्याने आग वाढते, हे अशा वेळी कोणाला सुचते? आगवाल्याने तिला घोंगडीत गुंडाळेपर्यंत फार उशीर झाला होता. ती आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी वारली. तिच्या त्या पोशाखाचे उरलेले तुकडे पॅरिसच्या ऑपेरा-संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

पोरीने हट्ट केला आणि भोगले, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. हजार माणसे पैसे टाकून जे पाहायला येत होती, ते कळकट कापडात त्यांना दिसले नसते, आणि मग तिला कोणी बोलावलेही नसते. चुलीपुढे पदर खोचून बस असे आपण मुलीला सांगतो, कारण आपल्याला मुलगी हवी असते. इथे लोकांना पदरच हवा होता.

पुढे झगा आखूड होत गेला. कसब वाढले तसे पाय दिसणे जरूर झाले. १८८५ साली इटलीची व्हर्जिनिया झुक्की रशियात सेंट पीटर्सबर्गला नाचायला गेली, ती आखूड झग्यासाठी अडूनच बसली. दहा वर्षांनी, १८९५ साली, त्याच शहरात 'स्वान लेक' हा बॅले नव्याने झाला. त्यात पिएरिना लेन्यानी एका पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेई. पायघोळ वस्त्रात हे कोणाला दिसणार? आपल्याकडची नऊवारी काष्टा मारून नेसतात तोही पाय मोकळे राहावेत म्हणूनच. त्यांनी कापड वर उचलले, आपण मागे खोचले. झगा ताटासारखा आडवा झाला तो याच काळात.

या नाचणाऱ्या मुली कोण होत्या, हेही सांगितले पाहिजे. देगा या चित्रकाराने १८८१ साली पॅरिसला एक मेणाचा पुतळा मांडला. चौदा वर्षांची नर्तकी, हनुवटी वर, हात मागे, आणि अंगात खऱ्या कापडाचा झगा. पाहणाऱ्यांनी नाके मुरडली, तिला माकडाची उपमा दिली. ती मुलगी, मारी वान गोएतेम, एका परटिणीची लेक होती. पुढच्याच वर्षी ऑपेरातून तिला काढून टाकले. वाऱ्यावर तरंगणाऱ्या पऱ्या घरी गेल्यावर अशा खोल्यांत राहत.

आपल्या मुंबईने टुटू पाहिला तो आना पाव्हलोवामुळे. ही रशियन नर्तकी मरणाऱ्या हंसाचा दोन-चार मिनिटांचा नाच करी, झग्यावर हंसाची पिसे लावून. १९२०नंतरच्या दशकात ती आपल्या मंडळीसह हिंदुस्थानात आली. पण इथल्या माणसांना तिने टुटू घालायला सांगितले नाही. उदय शंकर तिच्याबरोबर १९२३ साली लंडनला नाचले ते राधा-कृष्णाच्या नाचात. मुंबईच्या लीला सोखी, म्हणजे मादाम मेनका, यांनाही तिच्याकडून उत्तेजन मिळाले. त्यांनी कथ्थकाचे पथक उभारले, १९३६ साली ते युरोपात नेले, आणि खंडाळ्याला नृत्याची शाळा काढली. पाव्हलोवा २३ जानेवारी १९३१ रोजी हॉलंडात वारली. त्यानंतर लंडनच्या एका प्रयोगात तिच्या हंसाचे संगीत वाजवले गेले. रंगमंचावर उजेडाचा गोल फिरत होता आणि त्यात कोणीही नव्हते.

शेवटी थोडे शिवणाऱ्यांविषयी. ताटासारखा घेर आडवा राहावा म्हणून त्यात तारेचे कडे घालीत. पण चाळीस-पन्नास जणी एकदम नाचू लागल्या की कडी एकमेकींवर आपटत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कारिन्स्का या कारागीर बाईने १९५० साली तार काढून टाकली. जाळीचे आखूड थर सैल टाक्यांनी एकमेकांना जोडले, तेव्हा घेर पावडरच्या फुलासारखा मऊ झाला. आजही चांगला टुटू बराचसा हातानेच शिवतात. दहा-पंधरा मीटर जाळी, दहाएक थर, प्रत्येक थराला चुण्या, आणि मग असंख्य टाके. कित्येक दिवसांचे काम असते. वारंवार धुता येत नाही, म्हणून घामाचा वास मारायला आतून दारूचा फवारा मारतात. पिण्याची नव्हे असे म्हणावे, तर ती पिण्याचीच असते, व्होडका! प्रयोग संपला की झगा उलटा टांगतात, म्हणजे जाळी खाली लोंबत नाही. चोळीला पाठीमागे आकड्यांच्या दोन-तीन ओळी असतात, कारण एकच झगा अनेक जणी घालतात. आतल्या पट्टीवर त्यांची नावे शिवलेली असतात, एकीखाली एक. नवीन मुलगी आली की शिंपीण सुई घेते आणि खाली आणखी एक नाव टाकते.