डेव्हिड ग्रिफिथ : एका दिग्दर्शकाचें यशापयश

सन १९०८ मध्यें न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावरील बायोग्राफ कंपनीच्या चित्रशाळेंत एका तेहेतीस वर्षांच्या नटाकडे दिग्दर्शकाचें काम सोंपविण्यांत आलें. रंगभूमीवर त्याला म्हणण्यासारखें यश मिळालें नव्हतें, त्यानें लिहिलेलें नाटकही चाललें नव्हतें. केवळ चरितार्थासाठीं तो मूकचित्रपटांकडे वळला होता. डेव्हिड वार्क ग्रिफिथ हें त्याचें नांव.

पुढील पांच वर्षांत त्यानें साडेचारशेंहून अधिक चित्रपट काढले. बहुतेक एका रिळाचे, दहा-पंधरा मिनिटांत संपणारे. एवढी संख्या ऐकून घाईनें उरकलेल्या कामाची शंका येणें साहजिक आहे. परंतु हीच संख्या ग्रिफिथची तालीम ठरली. एका चित्रांत फसलेला प्रयोग थोड्याच दिवसांत दुसऱ्यांत करून पाहतां येई. तोंपर्यंत कॅमेरा बहुधा नाटकगृहांतील प्रेक्षकासारखा एका जागीं बसून असे. बिली बिट्झर या छायालेखकाच्या साहाय्यानें ग्रिफिथनें त्याला पात्रांच्या चेहऱ्याजवळ नेलें. १९०९ सालच्या ‘द लोनली व्हिला’मध्यें एकीकडे घरांत शिरूं पाहणारे चोर, तर दुसरीकडे घराकडे धांव घेणारा गृहस्वामी, अशीं दृश्यें आळीपाळीनें दाखवून त्यानें प्रेक्षकांना श्वास रोखून बसविलें. त्याच वर्षीं ‘अ कॉर्नर इन व्हीट’मध्यें गव्हाचा साठा मुठींत धरणाऱ्या धनिकाची मेजवानी आणि महागलेल्या पावासाठीं तिष्ठणारे गरीब त्यानें समोरासमोर उभे केले. या साऱ्या युक्त्या त्यानेंच प्रथम शोधल्या असें नाहीं. त्यांची सांगड घालून कथा रंगविण्याची रीत मात्र त्यानें रूढ केली.

सन १९१५ मध्यें त्याचा सुमारें तीन तासांचा ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ पडद्यावर आला. ग्रिफिथ केंटकीचा; त्याचे वडील यादवी युद्धांत दक्षिणेच्या बाजूनें लढलेले. त्या पक्षाचा अभिमान त्याच्या रक्तांत होता. नीग्रो समाजास त्यानें हिंस्र व नादान रंगविलें, आणि त्या समाजावर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लान या टोळीस तारणहार ठरविलें. धांवत्या घोडेस्वारांसाठीं प्रेक्षकांनीं टाळ्या पिटाव्या म्हणून दृश्यें आळीपाळीनें दाखविण्याची तीच युक्ति येथें राबली. नीग्रोंच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्थेनें जोराचा निषेध केला. तरीही चित्रपटानें अमाप पैसा मिळविला. त्याच वर्षीं नामशेष झालेली ती टोळी पुन्हां उभी राहिली आणि सभासद मिळविण्यासाठीं तिनें याच चित्रपटाचा उपयोग केला.

सन १९१६ मध्यें ग्रिफिथनें असहिष्णुतेचा धिक्कार करणारा ‘इन्टॉलरन्स’ काढला. त्याचा प्रचंड खर्च भरून निघाला नाहीं. १९१९ सालीं चॅप्लिन, मेरी पिकफर्ड व फेअरबँक्स यांच्यासह त्यानें युनायटेड आर्टिस्ट्स ही संस्था स्थापिली. पण बोलपटांच्या युगांत त्याचा जम बसला नाहीं. १९३१ नंतर त्याचा एकही चित्रपट निघाला नाहीं, आणि १९४८ च्या जुलैमध्यें हॉलिवूड येथें त्याचा अंत झाला.

अमेरिकन दिग्दर्शकांच्या संघानें १९५३ मध्यें त्याच्या नांवें सुरू केलेल्या पारितोषिकावरून १९९९ मध्यें तें नांव काढून टाकलें. त्यानें घडविलेली कथनाची रीत मात्र प्रत्येक चित्रपटगृहांत नांदते आहे. ती सत्याची सेवा करील कीं द्वेषाची, याचा निर्णय ती रीत करीत नाहीं. तो ती वापरणाऱ्यासच करावा लागतो.