शेळी धुतली, भिंत राहिली



मी ब्राह्मणपुरीहून बोलतेय. आपल्या शहादा तालुक्यात बचत गटांचं काम बघते. बैठकीत कर्ज कशाला हवं असं विचारलं की निम्म्या जणींचं उत्तर ठरलेलं असतं, ‘ताई, शेळी घ्यायची.’ बरोबरच आहे. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. पोरीची फी भरायची वेळ आली, घरात कोणी आजारी पडलं, हप्ता अडला, की एक बोकड विकला आणि वेळ निभावली.

पण त्याच बैठकीत एक तक्रारही नेहमी येते. ‘अंगावर किडे झाले होते, औषध मारलं, पंधरा दिवस बरं वाटलं, परत तेच.’ मग औषध खोटं निघालं म्हणायचं, दुकानदाराला शिव्या द्यायच्या आणि पुढच्या वेळी जास्त कडक औषध मागायचं. आज मी एवढंच समजावून सांगणार आहे की ते परत का होतं आणि ते थांबवायचं कसं.

शेळीच्या अंगावरची पीडा एकच नसते. उवा, गोचिडी आणि खरूज ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिघांचं राहण्याचं घर वेगळं, म्हणून तिघांचा उपायही वेगळा. आधी ओळखायचं, मग औषध.

ओळखायचं कसं? सकाळच्या कोवळ्या उन्हात शेळी बांधा. शाळेत जाणाऱ्या पोरीच्या डोक्यात आपण जसं भांग पाडून बघतो, तसं शेळीच्या मानेवर, पाठीवर आणि खांद्यामागे केस बाजूला करून बघा. बारीक फणी घ्या, खाली पांढरा कागद धरा आणि विंचरा. भुरकट रंगाचे सपाट किडे पडले, केसांना चिकटलेले पांढरे दाणे दिसले, तर त्या उवा आणि लिखा. थंडीत केस दाट होतात, शेळ्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून उवा हिवाळ्यात वाढतात. ऊ सगळं आयुष्य शेळीच्या अंगावरच काढते, खाली पडली तर थोड्या दिवसांत मरते. आणि घाबरू नका, शेळीची ऊ माणसाच्या डोक्यात घर करत नाही.

आता गोचीड. ती पाठीवर शोधू नका, आडोशाला शोधा. कानाच्या आत, शेपटीखाली, मांड्यांच्या सांध्यात, कासेवर, खुरांच्या बेचक्यात. रक्त पिऊन फुगलेली गोचीड एरंडाच्या बीसारखी दिसते. पावसाळ्यात आणि त्यानंतर ती जास्त होते. गोचिडीची खोड अशी की ती पोट भरेपर्यंतच शेळीवर असते. पोट भरलं की खाली गळून पडते, भिंतीच्या भेगेत, दगडाखाली, शेणकुटाच्या ढिगात शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येणार आहे.

तिसरी खरूज. हिचा किडा डोळ्याला दिसतच नाही, दिसते ती त्याची करणी. नाकाडावर, डोळ्यांभोवती, कानाच्या कडेला आधी केस जातात. मग कातडी जाड होते, सुरकुतते, वर खपल्या धरतात. शेळी रात्रंदिवस खुंटाला, भिंतीला अंग घासते. कधी नुसते पाय खराब होतात, कधी कानातच खपल्या भरतात आणि शेळी सारखं डोकं झटकते. हा किडा कातडी कोरून आत राहतो, म्हणून वरून पाणी ओतून तो मरत नाही. खात्री करायची तर डॉक्टर पात्याने कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

अंगावर दिसणारं सगळंच किड्यांचं नसतं, हेही सांगते. शेळीला ताप आहे, खाणं सोडलंय आणि तोंडावर, कासेवर, शेपटीखाली फोड आलेत, तर ती देवी असू शकते. केस गोल चकत्यांनी गेले असतील तर गजकर्ण असू शकतं. त्यावर गोचिडीचं औषध मारून काही उपयोग नाही. अशा वेळी शेळी वेगळी बांधा आणि डॉक्टरांना बोलवा.

आणखी एक तपासणी करा, तिला पैसा लागत नाही. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. लालसर गुलाबी असेल तर रक्त ठीक आहे. पांढरट असेल तर रक्त कमी झालंय. ते गोचिडींनी प्यालेलं असेल किंवा पोटातल्या जंतांनी. पांढऱ्या पापणीचं करडू उद्यावर टाकू नका. मोठी शेळी तग धरते, करडू धरत नाही.

आता औषधाकडे वळू. ‘परत तेच’ का होतं, याचं पहिलं कारण अंडी. औषधाने जिवंत ऊ मरते, लीख बहुतेक वाचते. आठ-दहा दिवसांत, कधी थोडं उशिरा, त्यातून नवी ऊ निघते. खरजेच्या किड्याचीही अंड्यापासून मोठं व्हायची फेरी दोन-तीन आठवड्यांची असते. म्हणून औषध दोनदा द्यायचं. पहिल्या दिवशी एकदा आणि साधारण चौदाव्या दिवशी पुन्हा. शेळी बरी दिसली तरी दुसरा हात चुकवायचा नाही. जुनी खरूज असेल तर डॉक्टर तिसराही सांगतील. ज्या दिवशी पहिलं औषध होईल, त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये दुसऱ्याची तारीख गोल करून ठेवा. हप्त्याची तारीख आपण अशीच लिहितो ना!

औषध कोणतं? खरजेवर आणि रक्त पिणाऱ्या उवांवर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन चांगलं चालतं. ते कातडीखाली देतात. एक टक्क्याच्या औषधाचं प्रमाण 50 किलो वजनाला 1 मिली असतं. म्हणजे आपली 25 किलोची शेळी असेल तर अर्धा मिली. हे सांगितलं ते स्वतः टोचण्यासाठी नाही. ‘थोडं जास्त दिलं तर लवकर बरं होईल’ असं कोणी म्हणालं, तर ते चूक आहे हे तुम्हाला कळावं म्हणून. शेळी गाभण आहे का, दुभती आहे का, थोड्या दिवसांत विकायची आहे का, हे डॉक्टरांना आधीच सांगा. औषधाचा अंश दुधात आणि मटणात उतरतो, त्यामुळे किती दिवस थांबायचं ते त्यांनाच विचारा.

गोचिडींवर आणि सगळ्या प्रकारच्या उवांवर अंगावर लावायचं औषध लागतं. डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ अशा नावांची ती औषधं जनावरांसाठी वेगळी मिळतात. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण मोजून पाण्यात घाला, अंदाजाने टोपण ओतू नका. भर उन्हात लावू नका. आधी शेळीला पोटभर पाणी पाजा, म्हणजे तहानेने ती अंग चाटणार नाही. केसांच्या उलट्या दिशेने लावा. कानाच्या पाळीच्या आतली बाजू, शेपटीखाली, बेचक्यात फडक्याने पुसा. डोळे, तोंड आणि उघडी जखम सांभाळा. वाळेपर्यंत तिला दुसरीला चाटू देऊ नका. हातात मोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, नंतर साबणाने हात धुवा. अगदी लहान करडांना हे लावू नका, त्यांना फणीने विंचरा आणि डॉक्टरांना विचारा. आणि उरलेलं पाणी गोमाईत किंवा तापीत ओतू नका, शेळीही नदीत नेऊन धुऊ नका. डेल्टामेथ्रिन माशांना थोडंसुद्धा सोसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे कपाशी आहे, मिरची आहे, पपई आहे. घरात फवारणीच्या बाटल्या आहेत. ‘कपाशीवरची अळी मरते तर शेळीवरची गोचीड का नाही मरणार?’ असं वाटतं आणि उरलेलं औषध शेळीवर मारलं जातं. आमच्या एका गटातल्या बाईच्या घरी हेच झालं. संध्याकाळी फवारलं, रात्री शेळीच्या तोंडाला लाळ सुटली, पाय लटपटायला लागले, सकाळपर्यंत ती गेली. पोटात दोन करडं होती. कर्जाचे तीनच हप्ते फिटले होते, बाकीचे तिने मजुरी करून फेडले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही शेतातली औषधं कातडीतूनही अंगात उतरतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. धडधाकट माणसाला जे सोसलं नाही, ते 25 किलोच्या शेळीला कसं सोसेल? चुकून असं झालंच, तर लगेच साबणाने आणि भरपूर पाण्याने तिचं अंग धुवा, आपले हात झाका, आणि औषधाची बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. बाटली बघितल्यावर उतारा लवकर ठरतो.

खरजेवर गाडीचं जळकं ऑइल चोपडतात, तेही बंद करा. कातडी भाजते, शेळी ते चाटते आणि आतला किडा तसाच राहतो. खपल्या मऊ करायला करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल लावलं तर हरकत नाही. पण पसरलेली खरूज नुसत्या तेलाने जात नाही.

आता त्या गोचिडीकडे परत येऊ. औषधाने शेळीच्या अंगावरची गोचीड मेली, पण भिंतीतली? शेळी धुतली, भिंत राहिली. मग तीच भिंत शेळीला परत गोचिडी देते. म्हणून ज्या दिवशी शेळीला औषध, त्याच दिवशी गोठ्याला झाडू. जुनं लेंड्यांचं खत काढून लांब उकिरड्यावर न्या, कोपऱ्यातला कचरा घराबाहेर जाळा. भिंतीच्या भेगांत उकळतं पाणी ओता, वाळल्यावर भेगा मातीने लिंपा आणि वरून चुना मारा. आपल्याकडे बऱ्याच घरांना कुडाच्या भिंती आहेत. तिथे गोचिडीला लपायला जागाच जागा. पण कुडाजवळ आग किंवा जाळाची बंदूक नेऊ नका, गोचिडीपायी घर जाईल. कूड दोन्ही बाजूंनी नीट लिंपून घेतलेला बरा. ज्या खुंटाला खरजेची शेळी अंग घासते तो खुंटही धुवा. दोरही उन्हात टाका.

दुसरं, एकट्या घराने हे करून भागत नाही. सगळ्या गल्लीच्या शेळ्या एकाच बांधावर चरतात. माझ्या शेळीला औषध आणि शेजारच्या काकूंच्या शेळीला नाही, तर आठवड्यात हिशोब जिथल्या तिथे. म्हणून गटाने एक दिवस ठरवा. उमेदच्या पशुसखीला बोलवा, बाटली वर्गणीतून आणा, सगळ्या शेळ्यांना त्याच दिवशी औषध करा आणि रजिस्टरमध्ये लिहा. खर्चही वाटला जातो.

तिसरं, नवी शेळी आणली की ती सरळ कळपात सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळी बांधा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. आपण शेळी घेताना दातांबरोबर तिच्या कानात बघायचं, शेपूट उचलून बघायचं आणि पापणी ओढून बघायची. विकणारा रागावला तर रागावू दे.

शेवटी आपल्या स्वतःबद्दल. खरजेच्या शेळीला मिठी मारून झोपणाऱ्या पोराच्या हातांना, पोटाला खाज सुटू शकते. शेळी बरी झाली की ती बहुधा जाते, तरी डॉक्टरांना दाखवा. आणि गोचीड बोटांनी चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ ओढा आणि रॉकेलच्या डबीत टाका. 2011 मध्ये शेजारच्या गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यात, गोचिडीपासून होणाऱ्या काँगो तापाने माणसं दगावली होती. रोज असं होत नाही, पण चिमट्याला खर्च तरी किती येतो?

डॉक्टर मिळत नसतील तर 1962 हा क्रमांक लक्षात ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तो आहे, फोनला पैसे पडत नाहीत. फोन करताना शेळीचं अंदाजे वजन, ती गाभण आहे की दुभती आणि आधी कोणतं औषध दिलंय, एवढं तयार ठेवा.

तर मैत्रिणींनो, उद्या सकाळी चहा झाला की दोन मिनिटं काढा. शेळीचे कान बघा, मान बघा, पापणी बघा. आणि तिच्यामागची भिंतही बघा. पुढच्या बैठकीत मी विचारणार आहे.

नमस्कार.