अमेरिकेचा इतिहास आणि आपल्या रानांतली कपाशी

(अजिंठा येथें पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



गेल्या महिन्यांत तुमच्यापैकीं एका गृहस्थांनीं आम्हांस वाटेंत गांठून विचारलें, "गुरुजी, पोरांना अमेरिकेवर निबंध कशाला लिहायला लावतां? त्यापेक्षां दोन हिशोब जास्त शिकवा." ऐन वेचणींत पोर वही घेऊन बसतें, ही त्यांची तक्रार. तिचें उत्तर देण्यास आम्ही उभे आहों.

प्रथम आमची चूक कबूल करतों. कित्येक वर्षें आम्ही फळ्यावर निबंध लिहून देत असूं व मुलें तो उतरवून घेत. लिंकन थोर होता, त्यानें गुलाम मुक्त केले, संपलें! चाळीस वह्यांत एकच निबंध. यास शिक्षण म्हणावें तर पोपटालाही पास करावें लागेल.

यंदा आम्हीं वर्गांत कापूस नेला आणि मुलांस हातानें सरकी काढावयास लावली. बोटें दुखूं लागलीं तेव्हां सांगितलें कीं, १७९३ सालीं एली व्हिटने यानें सरकी काढण्याचें यंत्र केलें. काम हलकें झालें, म्हणून गुलाम सुटले काय? उलट कापसाचा पेरा वाढला आणि गुलामही वाढले. १८६१ सालीं तेथें यादवी युद्ध पेटलें, उत्तरेनें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं, विलायतेच्या गिरण्या कापसावांचून अडल्या. मग मुंबईच्या बाजारांत आपल्याकडील कापसाचा भाव कित्येक पटींनीं चढला. शेतकऱ्याच्या हातीं पैसा खेळला, सावकारानें पत वाढविली. विणकरास मात्र सूत महागलें. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, कर्ज तेवढें राहिलें. त्यांत सरकारनें सारा वाढविलेला. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, त्यामागें हीही एक गोष्ट होती. हिशोब हाच, गृहस्थहो!

जोतिराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक, काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं झीज सोसणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. ते कधीं अमेरिकेस गेले नव्हते. परंतु तेथील दुःख त्यांना आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखावरून ओळखतां आलें. हें आम्ही अभिमानानें सांगत होतों, तोंच मागच्या रांगेंतल्या एका मुलीनें विचारलें, "गुलाम सुटले, पण त्यांना रान मिळालें का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता. दुसऱ्या दिवशीं वाचून येऊन सांगितलें. जानेवारी १८६५ मध्यें जनरल शेर्मन यानें दक्षिणेच्या किनाऱ्यावर कुटुंबास चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. त्याच सालीं अध्यक्ष जॉन्सन यानें ती बहुतेक जुन्या मालकांस परत देवविली. पुढें बहुतेकांनीं बटईनें कापूस पिकविला. बी-बियाणें आणि पीठमीठ दुकानदाराकडून उधार, आणि वही त्याचीच. एवढें ऐकून वर्ग गप्प झाला. बटई काय असते, हें त्यांना शिकवावें लागलें नाहीं.

त्यानंतरचे निबंध एकासारखा एक नव्हते. एकानें तर आजोबांस विचारून घरच्या कर्जाची हकीगत लिहिली. शुद्धलेखन भयंकर, पण मजकूर त्याचा स्वतःचा.

आपल्या गांवावरून देशोदेशींचे लोक लेण्यांस जातात. आपल्या पोरानें त्यांना नुसती वाट दाखवावी, कीं चार प्रश्नही विचारावे?

वेचणीच्या दिवसांत यापुढें निबंध देणार नाहीं, हें कबूल. बदल्यांत घरच्या पेटींत जुनें खत किंवा सावकाराची पावती असेल, ती मुलींना आणि मुलांना वाचूं द्या. फाटेल अशी भीति वाटत असेल, तर आम्ही घरीं येऊन त्यांच्या शेजारीं बसूं.