फोटो उजळू, रंग खरा ठेवू

आपल्या गटांचे पापड-मसाले आता व्हॉट्सॲपवरही विकले जातात. गिऱ्हाईक आधी फोटो बघतं, मग भाव विचारतं. म्हणून फोटो सुधारायचं ॲप कसं निवडायचं, ते आज बघू.

सुरुवात फोनच्या गॅलरीतूनच करा. कडा कापणं, उजेड वाढवणं तिथेच जमतं. त्यापुढे गुगलचं स्नॅपसीड घ्या; ते मोफत आहे, जाहिरातीही नाहीत. फोटोवर मराठीत नाव, वजन, भाव लिहायचा असेल तर कॅनव्हा. त्यात मुकुटाचं चिन्ह दिसलं की ते पैशाचं, हे ओळखा.

नवीन ॲप घेताना ते काय मागतं, हे आम्ही गटात आधी बघतो. फोटो सुधारायला आपल्या फोनमधले नंबर कशाला हवेत? ‘नाही’ म्हणा. ‘सात दिवस मोफत’ सांगून कार्ड किंवा यूपीआय मागितलं, तर थांबा. मुदत संपली की खात्यातून पैसे आपोआप कापले जाऊ शकतात.

आणि तिखटाचा रंग फोटोत भडक करू नका. पुडा फोडल्यावर तो फिका निघाला, तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. सकाळी ओसरीच्या उजेडात फोटो काढा. ॲपचं निम्मं काम तिथेच होतं.