घरातील जाळे आणि आकाशातील जाळे



नागनाथाच्या या गावात संगणकाच्या जाळ्यावर बोलायचे, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. ज्या देवळाशी नामदेवांचे आणि विसोबा खेचरांचे नाव जोडलेले आहे, तेथे तारा आणि खोकी यांचे पुराण कशाला, असेही कोणी म्हणेल. पण ज्या गावाजवळ आज जगातील एका विलक्षण जाळ्याचा धागा विणला जात आहे, त्या गावाला जाळे म्हणजे काय हे ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. आकाशातील गोष्टीकडे आम्ही शेवटी वळू. आधी घरातले पाहू.

एका कचेरीत चार संगणक आहेत आणि छपाईचे यंत्र एकच. प्रत्येकाने आपला मजकूर खिशातल्या पेन ड्राइव्हवर घालून त्या यंत्रापर्यंत चालत जायचे, आणि एकाच हिशेबाच्या चार प्रती चार ठिकाणी चार तऱ्हांनी वाढत जायच्या, ही अवस्था आपण सर्वांनी पाहिली आहे. हे संगणक एकमेकांशी बोलू लागले की यंत्र एक पुरते आणि हिशेबही एकच राहतो. जाळ्याचा हेतू एवढाच आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जाळे म्हणजे इंटरनेट नव्हे. घरातले जाळे हे वाड्याच्या आतले बोळ आहेत, तर इंटरनेट हा वेशीबाहेरचा हमरस्ता. रस्ता खचला म्हणून माजघरातून स्वयंपाकघरात जाणे थांबत नाही. त्याचप्रमाणे बाहेरची जोडणी तुटली तरी आपल्या कचेरीतील दप्तर एका संगणकावरून दुसऱ्यावर पाहता येते आणि छपाईही होते. या दोहोंच्या सीमेवर जो द्वारपाल बसतो, त्याला राउटर म्हणतात. आत येणाऱ्या प्रत्येक यंत्राला तो एक क्रमांक देतो. हे क्रमांक बहुधा १९२.१६८ पासून सुरू होतात. असे काही क्रमांक घरगुती वापरासाठीच राखून ठेवण्याचा नियम १९९६ साली ठरला. म्हणून औंढ्यातील आणि नागपुरातील दोन घरांत एकच क्रमांक असला तरी घोटाळा होत नाही, जसा दोन गावांत दोन मारुती गल्ल्या असल्याने होत नाही. छपाईयंत्राला मात्र कायमचा क्रमांक बांधून द्यावा. नाहीतर ते आज एका पत्त्यावर, तर उद्या दुसऱ्याच!

आता जोडणी. जे यंत्र जागचे हलत नाही, त्याला तार द्यावी. जे हातात फिरते, त्याला वाय-फाय. तांब्याची साधी केबल १०० मीटरपर्यंत खात्रीने काम देते. ती विजेच्या तारांना खेटून नेऊ नये. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर तांब्याऐवजी काचतंतूची केबल घालावी, म्हणजे वळवाच्या पावसात एका इमारतीवर आलेले विजेचे संकट तारेवाटे दुसरीत शिरत नाही. वाय-फायच्या दोन लहरी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बरी पोचते, पण हळू चालते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती हात-हात जाड. तेव्हा राउटर कपाटात कोंडू नये. घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावा आणि इन्व्हर्टरवर जोडावा.

येथपर्यंतचे काम कोणताही होतकरू मुलगा एका दुपारी करील. अवघड आहे ते पुढेच, आणि ते आम्ही आमच्याच चुकीने शिकलो.

आमच्या एका लहानशा कचेरीत असेच जाळे घातले होते. सोय म्हणून सर्व दप्तर सर्वांना उघडे ठेवले. सुरक्षेसाठी दुसरी प्रत काढली, पण ती ज्या तबकडीवर होती, तीही त्याच जाळ्याला अहोरात्र जोडलेली. एके दिवशी बिलाच्या नावाने आलेली एक टपाल-फाईल कोणीतरी उघडली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक खातेवही कुलूपबंद झाली, दुसऱ्या प्रतीसह! किल्लीसाठी खंडणीची मागणी आली. ती आम्ही दिली नाही. दोन महिने रात्री बसून कागदी पावत्यांवरून हिशेब पुन्हा लिहिले. आणि ज्यांच्या पावत्या सापडल्या नाहीत, त्यांच्या शब्दावर विसंबलो. लोकांनी आम्हांस सांभाळून घेतले. पण लोकांच्या पैशाचा हिशेब असा त्यांच्याच भलेपणावर सोडण्याची पाळी आपण आणावी, ही लाज अजून गेलेली नाही.

जे जोडते, तेच पसरवतेही. म्हणून चार पथ्ये सांगतो. राउटरसोबत आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. पाहुण्यांना वेगळे वाय-फाय द्यावे. ज्याला जे दप्तर लागते, तेवढेच त्याला उघडे ठेवावे. आणि दप्तराच्या तीन प्रती असाव्यात. त्यांपैकी एक जाळ्यापासून तोडलेली, दुसऱ्या छपराखाली.

आता आकाशाकडे पाहू. तारेने संगणक जोडण्याची जी पद्धत घरोघर आहे, ती इथरनेट १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ यांनी कल्पिली. तिचे नाव त्यांनी 'ईथर'वरून ठेवले, म्हणजे प्रकाश ज्यातून वाहतो असे पूर्वी मानत त्या द्रव्यावरून. मायकेलसन आणि मोर्ली यांनी १८८७ साली ज्या जातीच्या उपकरणाने त्या ईथरचा शोध घेतला, पण ईथर सापडला नाही, त्याच जातीचे, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे उपकरण आपल्या तालुक्यात दुधाळ्याजवळ उभारले जात आहे. लायगो-इंडिया हे त्याचे नाव. केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः आणि ६ एप्रिल २०२३ रोजी अंतिम मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,६०० कोटी रुपयांचा.

अमेरिकेत अशी दोन उपकरणे असता येथे आणखी कशाला? एका कानाने आवाज कळतो, दिशा कळत नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली गेली, तेव्हा अमेरिकेतील दोन ठिकाणी ती सुमारे ७ सहस्रांश सेकंदांच्या अंतराने पोचली. पण ती नेमकी कोठून आली, ते सांगता आले नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीतील तिसरे उपकरण जोडीला होते. तेव्हा आकाशाचा शोध २८ चौरस अंशांवर आला आणि दुर्बिणींनी ती दीर्घिका हुडकून काढली. ती सापडली वासुकी नक्षत्रात! नागनाथाच्या गावाला हा योगायोग गोड वाटावा.

येथील उपकरण जेव्हा त्या जाळ्यात सामील होईल, तेव्हा त्याची किंमत त्याच्या एकट्याच्या नोंदीने ठरणार नाही. इतरांच्या नोंदींशी ती प्रामाणिकपणे जुळते की नाही, याने ठरेल. आपल्या दुकानातील, शाळेतील, पतपेढीतील चार संगणकांचेही तेच आहे. जाळे तारांचे असते खरे, पण ते टिकते विश्वासावर. आणि विश्वास राखायचा तर रोज थोडी दक्षता लागते. ती आपण राखाल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.