पाठ केलेली प्रार्थना आणि मनांतली प्रार्थना

मुलांना धर्म शिकवितां येतो. पण देवाशीं त्यांची ओळख करून देतां येते काय? ख्रिस्ती तरुणांच्या बाबतींत हा प्रश्न मला स्वतःच्या चुकीमुळें पडला.

मीं पस्तीस वर्षें शाळेंत शिकविलें आणि दर रविवारीं उपासनेनंतर ख्रिस्ती मुलांचा वर्ग घेतला. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, तेविसावें स्तोत्र हें सारें माझ्या मुलांना मुखोद्गत असे, आणि त्याचा मला अभिमान वाटे. एके वर्षीं वर्गांतील एका मुलाचे वडील वारले. पुढच्या रविवारीं मीं त्यालाच प्रार्थना करावयास सांगितलें. तो उभा राहिला व हळूच म्हणाला, "गुरुजी, पाठ केलेली म्हणूं, कीं मनांतली?" मीं म्हणालों, "पाठ केलेली म्हण." त्यानें ती बिनचूक म्हटली आणि तो खालीं बसला. त्यानंतर तो वर्गाला आला नाहीं. त्याला देवापाशीं काय बोलावयाचें होतें, तें मला अद्याप कळलेलें नाहीं.

माहिती आणि ओळख यांतील हें अंतर पंडिता रमाबाईंनीं स्वतःच्या ठायीं ओळखलें होतें. त्यांनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. विद्वत्तेची त्यांना वाण नव्हती. तरीहि सुमारें आठ वर्षांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला आहे, परंतु ख्रिस्त सांपडलेला नाहीं. १९०७ सालच्या आपल्या अनुभवकथनांत त्यांनीं हें मोकळेपणानें लिहिलें. पुढें त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें आणि १९२२ सालीं, मृत्यूच्या अगदीं आधीं, तें पुरें केलें. एवढ्या विदुषीला जर आठ वर्षें लागलीं, तर सोळा वर्षांच्या मुलाकडून वर्षाअखेरच्या परीक्षेंत श्रद्धा कशी मागावी?

मग वडीलधाऱ्यांनीं करावें तरी काय? पहिली गोष्ट, मुलाला थोडा एकांत द्यावा. खोलींत जाऊन, दार लावून प्रार्थना करावी, असें मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायांत सांगितलें आहे. शहरांतल्या दोन खोल्यांच्या घरांत असें दार कोठून मिळणार? पण पहांटेचीं दहा मिनिटें कोणी हांक न मारण्याचें ठरविलें, तरी दार लागतें. दुसरी गोष्ट, मुलाच्या तक्रारीला भिऊं नये. स्तोत्रसंहितेंतील १५० स्तोत्रांत स्तुतीबरोबर भीति, राग आणि एकटेपणाहि आहे, देवाला "कां?" असें विचारणें म्हणजे अश्रद्धा नव्हे. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. आपण स्वतःची चूक देवापुढें कबूल करतांना आपल्या मुलांनीं आपणांस कधीं ऐकलें आहे काय? तें ऐकलें, म्हणजे देवाशीं खरें बोलतां येतें, हें त्यांना उपदेशावांचून कळतें.

तो मुलगा आतां मोठा झाला असेल. कदाचित् हें भाषण तो ऐकतहि असेल. त्याला त्या रविवारचें उत्तर आज देतों: बाळ, मनांतली म्हण.