सनद आणि सराव
(वार्षिक संमेलनात अकोला येथे केलेले भाषण)



कार्यकारिणीने आज आम्हांस बोलण्याची आज्ञा केली व विषयाची निवड आमच्यावर सोपविली, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. आमचा विषय काही मंडळींस रुक्ष वाटेल. ज्ञातीचा इतिहास, वधूवरसूचक मंडळ, वसतिगृहाची नवी इमारत हे विषय येथे अधिक शोभले असते. परंतु शिक्षणफंडाचे काम पाहताना एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे, ती आपणापुढे मांडल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

एके काळी फंडाकडे अर्ज येत ते शिक्षकी पेशाच्या अभ्यासक्रमासाठी. आता आमच्या मुली परिचारिका होतात, आशा कार्यकर्त्या होतात, मुलगे प्रयोगशाळेत किंवा १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर कामास लागतात. ही अभिमानाची गोष्ट होय. या मंडळींचे अर्ज अलीकडे एकाच स्वरूपाचे येतात: भ्रमणध्वनीवर घरबसल्या पुरा करता येणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे शुल्क फंडाने द्यावे. आपत्कालीन उपचार, नवजात अर्भकांची निगा, जंतुसंसर्गापासून बचाव अशी त्यांची नावे. व्हिडिओ पाहावयाचे, प्रश्नांची उत्तरे द्यावयाची, आणि सनद आपोआप छापून घ्यावयाची. असे पुष्कळ अर्ज आम्ही आनंदाने मंजूर केले. स्वाक्षरी आमचीच असे.

गेल्या वर्षीच्या संमेलनातील प्रसंग आपणांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. दुपारच्या पंगती चालू असता आपल्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ मांडवातच कोसळले. श्वास थांबला होता. फंडाच्या पैशाने सनद मिळविलेल्या तीन व्यक्ती त्या वेळी मांडवात हजर होत्या. कोणी पंखा घातला, कोणी कांदा आणण्यास धावले, आणि आम्ही स्वतः त्यांच्या तोंडात पाणी घालू पाहत होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये एवढेही त्या क्षणी आम्हांस सुचले नाही. रुग्णवाहिका आली, पण तोपर्यंत छातीवर कोणाचाही हात पडला नव्हता. ते गृहस्थ गेले. हात पडला असता तरी ते वाचलेच असते असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्या तिघांपैकी एक मुलगी संध्याकाळी आमच्याजवळ येऊन रडत म्हणाली, “काकाजी, म्या सारा व्हिडिओ पाह्यला होता, परीक्षेत मार्कही भेटले. पन जित्याजागत्या मानसाच्या छातीवर हात ठेवाचा धीरच नाही झाला.” या बोलण्यास उत्तर देणे आम्हांस जमले नाही. दोष तिचा नव्हता. तिला सनद देऊन सराव न देणारे आम्ही होतो.

यावरून ऑनलाइन शिक्षण हे थोतांड आहे असा निष्कर्ष कोणी काढील तर ते चूक होईल. २०२० च्या एप्रिलमध्ये, शिक्षणाची सर्व दालने बंद असता, भारत सरकारने ‘आयगॉट दीक्षा’ या नावाने कोरोनाशी झुंजणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन पाठ सुरू केले. संरक्षक पोशाख कसा चढवावा, आणि त्याहून जोखमीचे म्हणजे तो कसा उतरवावा, हे अशा पाठांतूनच असंख्य कर्मचारी शिकले. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती व अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी झाली, तेव्हा आपल्या भगिनी रुग्णालयांत कशा राबल्या हे आपण जाणताच. धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील एखाद्या उपकेंद्रावरील परिचारिकेने आठवडाभराच्या वर्गासाठी नागपूर गाठावयाचे, तर मागे गाव कोणी सांभाळावे? तिला रात्री चूल विझल्यावर पाठ ऐकता येतो, ही लहानसहान सोय नव्हे.

शिवाय काही विद्या अशा आहेत की त्या ऐकून व पाहूनच येतात. सर्पदंशाचे उदाहरण घ्या. पेरणीच्या दिवसांत आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही जातींची धास्ती असते. सर्पविषावरील आपल्याकडची लस या चारांवर मिळूनच बनविलेली असते. घोणस वा फुरसे चावले असता रक्त गोठण्याची शक्ती नष्ट होते. ती ओळखण्याची चाचणी अगदी साधी आहे: ताजे रक्त सुमारे दोन मिलिलिटर घेऊन स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलविता ठेवावे व मग नळी कलती करावी, रक्त वाहिले तर विष भिनले. यात ‘काचेच्या’ हा शब्द महत्त्वाचा. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही गोठण्यास विलंब लागतो, आणि मग चाचणी फसवी ठरते. ही बारीक गोष्ट चांगल्या शिक्षकाने दहा मिनिटांच्या पाठात सांगितली तर दर्यापूरच्या आणि बाळापूरच्या परिचारिकेस ती सारखीच कळते. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली ‘एको’ नावाचा उपक्रम काढला, तो याच तत्त्वावर. शहरातील तज्ज्ञ आणि दूरच्या खेड्यांतील वैद्य पडद्यावर एकत्र बसतात, आणि खेड्यातला वैद्य आपला रुग्ण तेथे चर्चेस मांडतो. तेथे प्रश्न विचारता येतो व उत्तर चुकले तर कोणी टोकते, हे विशेष. आमच्या फंडाने ज्यांचे शुल्क भरले त्यांपैकी बहुतेक पाठांत प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती, हे आम्ही नंतर पाहिले. आधी पाहावयास हवे होते.

आता हाताच्या विद्येकडे वळू. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीस, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था १९८६ साली उभी केली. त्यांनी गावातल्याच बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून नवजात अर्भकांची काळजी घेण्यास शिकविले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ३९ गावांतील अर्भकमृत्यूंत मोठी घट झाल्याचे दिसले. या बायांचे शिक्षण थोडेच झालेले होते. परंतु बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ वा अधिक भरले तर धोका ओळखणे, हे सारे त्या खऱ्या बाळांवर, शिकविणाऱ्यांच्या देखरेखीखाली, पुनःपुन्हा करीत शिकल्या. आज आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिचा हिशेब पडद्यावर शिकविता येईल. रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजण्याची चिकाटी पडद्यावर येत नाही.

छातीवर दाब देण्याचेही तेच. मोठ्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी, मिनिटास १०० ते १२० या गतीने, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबावयाचे, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावयाची, आणि श्वास देता येत असेल तर तीस दाबांमागे दोन श्वास. हे वाक्य आम्ही पाठ केले आहे. तरी पुतळ्यावर पहिल्यांदा दाब दिला तेव्हा एका मिनिटात आमचे मनगट दुखू लागले व पाच सेंटिमीटर म्हणजे किती, ते तेव्हाच उमगले. अमेरिकन हार्ट असोसिएशनसुद्धा आपला पाठ ऑनलाइन देते, परंतु समोरासमोर हाताची परीक्षा झाल्यावाचून त्याची पूर्ण सनद देत नाही. शिवाय हे कौशल्य काही महिन्यांतच गंजते.

१०८ ची सेवा २०१४ साली आपल्या राज्यात सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. तिच्या चालकांस ‘पायलट’ म्हणतात. आपले काही तरुण त्या कामावर आहेत. अमरावती-अकोला मार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत करून विक्रम झाला. रस्ता उत्तम झाला, गाड्याही वेगाने धावतात. परंतु अपघातस्थळी गाडी पोहोचेपर्यंतची मिनिटे रस्त्यावरच्या माणसाच्याच हाती असतात. मदत केली तर पोलिसी लचांड मागे लागेल, ही भीती आता धरू नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

म्हणून आमची सूचना अशी. ऑनलाइन पाठांचे शुल्क फंडाने यापुढेही द्यावे, परंतु अर्धेच. उरलेले अर्धे, अर्जदाराने येथे येऊन हाताने करून दाखविल्यावर. पाठ मराठीत असल्यास त्यास अग्रक्रम मिळावा. त्याचबरोबर दर तीन महिन्यांनी एका रविवारी आपल्या मंगल कार्यालयात सरावाचा वर्ग भरावा. ज्यांनी नोकरी धरली आहे त्यांनीच नव्हे, तर वाढपी, मांडववाले, आणि आम्हांसारख्या पाणी घेऊन धावणाऱ्या वृद्धांनीही यावे. शिकविण्यास आपल्या ज्ञातीतील दोन परिचारिका भगिनी तयार आहेत. त्यांपैकी एक गेल्या वर्षी रडलेली तीच मुलगी होय. तिने या वर्षात समोरासमोरचा वर्ग पुरा केला आहे.

काही सभासदांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे: फंड गरीब विद्यार्थ्यांसाठी आहे, पुतळे विकत घेण्यासाठी नाही. आक्षेप न्याय्य आहे, आणि म्हणून पुतळ्याची रक्कम आम्ही काही मित्रांकडून स्वतंत्र जमविली. फंडातून एक पैसाही घेतलेला नाही. सभेने हा ठराव आज मताला घ्यावा अशी विनंती आहे. पुतळा कार्यालयाच्या कोठीत, सतरंज्यांच्या मागे ठेविला आहे. किल्ली चिटणिसांकडे आहे, आणि भोजनोत्तर ज्यांस पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी आम्ही तेथे थांबणार आहोत.